खुंटीवरचा भोपळा

छप्पन साली चिंचवडचा बन्सी मेलबर्नच्या ऑलिम्पिकला पोहायला निघाला, तेव्हा सावित्रीबाईंनी खुंटीवरचा वाळका भोपळा काढून लेकाच्या ट्रंकेत ठेवला. लहानपणी तोच पाठीला बांधून तो पवनेत पोहायला शिकला होता.

"परमुलखातलं पाणी, त्याचा काय भरवसा?"

बन्सीला हसू आलं, तरी आईचं मन मोडवेना म्हणून त्यानं तो नेला.

शर्यतीत शेवटून पहिला येऊन तो परतला. ट्रंकेतून भोपळा काढून आईनं पुन्हा खुंटीला टांगला.

"आये, रतन कुठंय?" धाकट्या बहिणीसाठी आणलेली रिबीन हातात धरून त्यानं विचारलं.

"तुज्यावानी पवायचं म्हनून डोहात उतरली. महिना झाला." आई खुंटीकडंच बघत होती.



"आधी घरभर भोपळा हुडकला पोरीनं."