पिवळ्या डब्याची किल्ली

टाळ्या थांबेनात, तसा फिटर आणखीच अवघडला. सगळी लाइन कँटीनमध्ये जमली होती आणि साहेब त्याच्या हातात नवाकोरा थर्मास देत होते.

“यात चहा भरून विसरलात तरी गरम राहील,” साहेब म्हणाले. हशा पिकला. फिटरही हसला. कारखान्यात त्याला सगळे तोंडावर ‘विसरू’ म्हणत, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं.

आजचं कौतुकही विसरण्याचंच होतं. वेल्डिंग करणारा रोबो जाळीच्या पिंजऱ्यात उभा असे, आणि बाहेर त्याचा राखणदार, एक पिवळा डबा. रोबोला हलू द्यायचं की नाही, हे डबा ठरवी. त्यात किल्ली फिरवल्याशिवाय रोबो जागचा हलत नसे.

“हा डबा कुणाच्या बापाचं ऐकत नाही,” फिटर प्रत्येक नव्या माणसाला सांगे. “त्याला प्रत्येक गोष्ट दोन तारा सांगतात. दोघींची साक्ष जुळली तर ठीक. नाही जुळली, तर खरं कोण बोलतंय याचा विचार करत बसत नाही. मशीन थांबवतो. आणि आत पाऊल टाकण्याआधी किल्ली काढून आपल्या खिशात. मग बाहेरून कुणाचा बाप मशीन चालू करू शकत नाही.”

शिकवण सोळा आणे खरी होती. फक्त शिकवणाराच काम आटपून बाहेर यायचा आणि किल्लीसकट घरी जायचा. बोलणी खायचा, पुन्हा तेच करायचा.

पंधरा दिवसांपूर्वी, त्या दिवशी तो घरी पोचतो न पोचतो, तोच लाइन सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला.

“परत नेलीत ना किल्ली?”

किल्ली डब्यात लावल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. ती बसतानाचा ‘टक्’ आवाजसुद्धा. पण बाईंचा पारा चढलेला, आणि त्याचा इतिहास हा असा.

“नेली असेल, बाई. माझ्याकडेच असणार. आलोच मी.”

दुसरी किल्ली साहेबांच्या कपाटात होती आणि साहेब बाहेरगावी. पिंजऱ्याचं दार बंद होतं. बाईंनी जाळीतून डोकावून पाहिलं, आत कुणी दिसलं नाही. लाइन ठप्प झाली आणि बाई चरफडत बसल्या. बसल्या म्हणूनच झाडूवाल्या मावशींना जाळीलगत झाडायला सवड मिळाली, आणि त्यांना आतल्या मोठ्या चौकटीमागे एका बुटाचं टोक दिसलं.

ती वायरिंगच्या कामावर नव्याने लागलेली मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. सेन्सरची काच पुसायला म्हणून ती आत गेली, दार मागे आपोआप लागलं, आणि तापाच्या भरात चक्कर येऊन ती रोबोच्या ऐन वाटेत पडली. किल्ली जागेवर असती, तर बाईंनी बटण दाबलंच असतं.

फिटर धापा टाकत पोचला तेव्हा तिला हॉस्पिटलात नेत होते. किल्लीचं कुणालाच सुचत नव्हतं. त्याने मात्र सगळे खिसे उलटे केले, बसथांब्यापर्यंतचा रस्ता पालथा घातला. किल्ली काही सापडली नाही. साहेबांनी येऊन डब्याचं कुलूपच बदलून टाकलं.

कँटीनमधल्या टाळ्या संपल्यावर चिमणीची आई पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

“भाऊ, तुम्ही विसरलात म्हणून माझी पोर आज घरी आली. तुमचे उपकार कसे फेडू?”

“अहो, मी कुठं काय केलं,” फिटर पुटपुटला.

घरी बायकोने थर्मास कौतुकाने टेबलावर मांडला. “जन्मभर तुमच्या विसरण्याला नावं ठेवली. आता कुठल्या तोंडानं ठेवू?”

तो हसला नाही. “मला ती किल्ली डब्यात लावल्याचं आठवतंय गं. अजून आठवतंय.”

कपबशी पुसणारा तिचा हात थांबला.

“दादाचं असंच सुरू झालं होतं,” तो म्हणाला. थोरला भाऊ आधी शपथेवर सांगायचा, नळ मी बंद केला. शेवटी स्वतःच्या लेकीला विचारायचा, तू कुणाची?

“काहीतरीच काय बोलता!”

“माझं मन एक सांगतं, सगळी दुनिया दुसरं. साक्ष जुळत नाही. मग थांबायचं. उद्या साहेबांना सांगतो, मला त्या मशीनवरून काढा. या खेपेला विसरलो म्हणून पोर वाचली. पुढच्या खेपेला विसरलो म्हणून कुणीतरी जाईल.”

उमेदीची सगळी वर्षं त्या पिंजऱ्यापाशी गेली होती. त्याला भडभडून आलं. मग त्याने थर्मासवरून हात फिरवला. “पण निघताना एक जीव वाचवून निघालो. हे काय थोडं झालं? माझ्या विसरण्याचंसुद्धा सोनं झालं.”

बेल वाजली. दारात चिमणी होती, अंगाने अर्धी झालेली, आईचा हात धरून.

“अगं, तू कशाला आलीस? आम्ही आलो असतो की,” फिटरची बायको म्हणाली.

“काकांना भेटल्याशिवाय मला चैन पडलं नसतं.” ती खुर्चीवर टेकली. जरा दम खाऊन तिने मूठ उघडली आणि थर्मासशेजारी एक किल्ली ठेवली.

फिटरने ती उचलून उलटसुलट पाहिली. पिवळ्या डब्याचीच.

“हॉस्पिटलातून आलेल्या माझ्या कपड्यांची पिशवी आईनं आत्ता धुवायला काढली,” चिमणी म्हणाली. “कामाच्या पँटच्या खिशात होती ही. आत पाऊल टाकण्याआधी किल्ली आपल्या खिशात. तुम्हीच शिकवलंत ना, काका?”