लाल रेघ

"'नाइस' हा आळशांचा शब्द. लॅटिनमधलं त्याचं मूळ म्हणजे 'अडाणी'. आता चहाही नाइस, हवाही नाइस," असं ऐकवत ऑग्डेन सर यॉर्कशरच्या त्या शाळेत वर्षानुवर्षं निबंधांतल्या 'नाइस'वर लाल रेघ मारत आले. वेंडी या विद्यार्थिनीनं नुकत्याच वारलेल्या आपल्या आईबद्दल तो शब्द लिहिला, तेव्हाही मारली. वर बजावलं, "दुसरा शब्द शोध."

आज तीच वेंडी गावच्या चर्चची धर्मगुरू होती. सरांच्या बायकोच्या अंत्यविधीत काय बोलायचं, ते विचारायला घरी आली होती.

"सर, आयव्हीबाई कशा होत्या?"

समोरचा चहा गार झाला. सर मान खाली घालून पुटपुटले, "नाइस."

वेंडीनं पेन खाली ठेवलं.

"माझी आईपण तशीच होती, सर."