विसरणारं पेडल

"याद ठेवनारं नको, भो. भुली जानारं दखाडा," आबा दुकानदाराला म्हणाले.

योगेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरतेच्या भागळमधलं वाद्यांचं दुकान, रविवारची गर्दी, शेजारी कॉलेजच्या दोन मुली युकुलेले बघतायत, आणि त्याचा बाप अहिराणीत गिटारचं पेडल मागतोय. तेही विसरणारं.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, बन्सीलालभाई," तो घाईघाईने म्हणाला. "ते पांडेसऱ्यात कापड रंगवतात. पेडल म्हणजे सायकलचं, एवढंच त्यांना ठाऊक."

बन्सीलालने तीन डिले पेडल काउंटरवर मांडली. डिलेचं काम तसं साधं. गिटारचा सूर निघाला की जरा थांबून तोच पुन्हा वाजवायचा, विहिरीत हाक मारल्यासारखा. किती थांबायचं, किती वेळा वाजवायचं, ते बटणं फिरवून ठरतं. गरब्यात खरी गोम तिथेच. प्रत्येक गाण्याची चाल वेगळी, आणि परतून येणारा सूर ढोलाच्या दोन थापांच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे. जरा हुकला की नुसता गोंगाट.

भूपेंद्रभाईंच्या ऑर्केस्ट्रात तेवढा कान एकट्या योगेंद्रला होता. दुसरा गिटारवाला प्रशांत. त्याची बोटं सुसाट पळायची, पण दोन गाण्यांच्या मध्ये तो उकिडवा बसून बटणं पिरगाळत राहायचा, आणि लोक हातात दांडिया घेऊन ताटकळायचे.

"त्याला कान आहेत ते चष्मा अडकवायला," योगेंद्र सगळ्यांना सांगायचा.

यंदा कामरेजच्या मोठ्या मैदानात नवरात्राच्या नऊही दिवसांचा कार्यक्रम होता, आणि गिटारवाला एकच घ्यायचा होता. नाव अजून जाहीर नव्हतं. पण ऑर्केस्ट्राच्या पैशांनी नवं पेडल निवडून आणायला भूपेंद्रभाईंनी पाठवलं ते योगेंद्रला. यातून काय समजायचं ते न समजण्याइतका मठ्ठ फक्त प्रशांतच होता.

पहिल्या पेडलमध्ये काहीच साठवता येत नव्हतं. दुसऱ्यात चार सेटिंग राहत. तिसऱ्याला छोटा पडदा होता. एकदा लावलेली सेटिंग त्यात नावासकट राहायची, अशी शंभर.

आबांनी पहिलं उचलून हातात तोललं. "हाई बरं शे."

"आबा, त्यात काही सेव्ह होत नाही. दर गाण्याला कानाने लावावं लागतं."

"मंग लाव. तुले कान शेतस ना?"

मुलींपैकी एक हसली. योगेंद्रने पेडल बापाच्या हातातून काढून घेतलं.

आबांचं सगळंच असं. मिलमध्ये ते कलर मास्तर. कुठल्या शेडला कुठला रंग किती, हे चाळीस वर्षांत त्यांनी कागदावर उतरवलं नव्हतं. लॅबमधले साहेब वही घेऊन आले की आबा चहा मागवायचे आणि हवापाण्याच्या गप्पा मारायचे. चौसष्ट वय झालं, तरी मालकाची रिक्षा रोज सकाळी सातला दारात. योगेंद्रला त्या रिक्षेची चीड होती. एकदा वहीत लिहून दिलं असतं, तर म्हातारा केव्हाच सुटला असता. घरी आराम करत बसला असता. पण अडाण्याला कोण सांगणार?

त्याने तिसरं पेडल उचललं आणि भूपेंद्रभाईंना फोन लावला.

"बस, पायाने दाबायचं?" भूपेंद्रभाईंनी विचारलं. ह्या माणसाला संगीतातलं काडीचं कळत नव्हतं.

"बस. एकदा मी सेटिंग भरली की बैलाने खूर ठेवला तरी माझाच आवाज येईल."

"वाह! गाण्यांची नावं नीट लिही हां."

"मला कशाला हवीत नावं?"

"लिही रे. चांगलं दिसतं."

दिखाऊपणा, दुसरं काय. तरी योगेंद्रने लिहिली. पंधरा दिवस तो घरात ढोलाचं रेकॉर्डिंग लावून बसला. एकेका गरब्याचा परतीचा सूर त्याने बरोबर जागेवर नेऊन बसवला आणि साठवला. चाळीस गरबे. काम खरोखर सुंदर झालं होतं, आणि हे सुरतेत दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, हेही खरं होतं.

"समदं भरी दिनं का त्यामा?" आबांनी दारातून विचारलं.

"सगळं. एकही बाकी नाही."

आबांनी जेवणाचा डबा उचलला. मग चपला घालून रिक्षेत जाऊन बसले. कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ.

भूपेंद्रभाईंनी मात्र योगेंद्रने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकून लगेच फोन केला. "एक नंबर! पहिल्या दिवशी पाच वाजता टेम्पो येईल. मशीन तयार ठेव."

त्या दिवशी योगेंद्र साडेचारलाच भरतकामाचं केडियू घालून गल्लीत उभा राहिला. खांद्याला गिटार, हातात पेडलची पेटी. त्याची आई मालतीबाई कुंकवाचा टिळा लावून गेली. शेजारच्या शोभाबाईंनी फोटो काढला. त्याने दोन वेळा मान वळवून चांगली बाजू दिली.

पाचला टेम्पो आला. ड्रायव्हरच्या शेजारी प्रशांत बसला होता. योगेंद्रला हसू आवरेना. म्हणजे यंदा ह्याला वायरी उचलायला घेतलं तर! बरं झालं, लायकीचं काम मिळालं.

"धर, जपून," म्हणत त्याने पेटी प्रशांतच्या हातात दिली, आणि चढायला पायरीवर पाय ठेवला.

प्रशांतने पेटी उघडून पेडल चालू केलं आणि पडद्यावरची नावं वाचली. मग ती मांडीवरच्या गिटारशेजारी ठेवली आणि दार ओढून घेतलं.

"भाई बोलले, फक्त मशीन घेऊन ये," तो म्हणाला. "तू घरी आराम कर."