कमी मिठाचं सलाईन

डॉ. भालेराव सकाळी वॉर्डात आले, तेव्हा सहा वर्षांची रोशनी हाक मारूनही डोळे उघडत नव्हती. न्यूमोनियामुळे दोन दिवस तिला सलाईन चालू होतं.

"ताप उतरलाय, पण कालपासून डोकं दुखतंय म्हणत होती, उलट्या झाल्या," आई म्हणाली. "आता मला ओळखतसुद्धा नाही."

सिस्टर गावित हळूच म्हणाल्या, "सर, बाटली कमी मिठाची आहे. रक्तातलं सोडियम बघायचं का?"

मुलांना कमी मिठाचंच सलाईन द्यायचं, असं डॉक्टर तीस वर्षांपूर्वी शिकले होते. आजारी मुलाच्या अंगात त्यातलं पाणी साठतं आणि मेंदूला सूज येते, असं नवे डॉक्टर सांगत. डॉ. भालेराव ते हसण्यावारी नेत.

रिपोर्टमध्ये सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, फारच खाली गेलेलं होतं. तेवढ्यात रोशनीला आकडीचा झटका आला.

त्यांनी स्वतः ती बाटली काढली, जास्त मिठाचं सलाईन दिलं आणि खाटेजवळून हलले नाहीत. दुपारी रोशनी पुटपुटली, "आई, भूक लागली."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली.

"नको, बाई. हे मी निवडलेल्या सलाईनमुळे झालं. चूक माझी."

ती सरळ उभी राहिली. "तुम्ही सांगितलं नसतं, तर आम्हाला कळलंच नसतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्यांना याच सलाईनवरची आधीची तीन मुलं आठवत होती. त्यांच्या आयांना त्यांनी सांगितलं होतं, तापाने झटके आले.