रंग सुकताना

ओटाकारचा हात अलीकडे थरथरायचा. तरीही ओलोमौत्स या चेक शहरातल्या क्लबात प्लास्टिकची छोटी विमानं नुसत्या ब्रशनं रंगवणारा तो एकटाच उरला होता. शत्रूला चकवणारे हिरवे-तपकिरी पट्टे तो संध्याकाळी घरी पंखांवर काढायचा, तेव्हा त्यांच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या. सकाळी बघावं तर एकदम सुबक!

"सुकताना रंग आपोआप सारखा होतो," तो ऐटीत सांगायचा.

"मग आमचाच का होत नाही रे, म्हाताऱ्या?" फवाऱ्यानं रंगवणारा राडिम त्याला चिडवायचा.

फेब्रुवारीत ओटाकारची बायको लिबुशे बेकरीसमोर बर्फावरून घसरली. उजवं मनगट मोडलं आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी ओटाकारनं नव्या विमानाचा पंख रंगवला. सकाळी कडा वेड्यावाकड्याच होत्या. त्यानं रंगाची नवी डबी आणली, तरी तेच.

तो तणतणतच तिला भेटायला गेला. "हल्ली रंगात काही दमच राहिला नाही बघ! रविवारी प्रदर्शन आहे, मांडू काय?"

लिबुशेचे डोळे भरून आले. "ओटा, डॉक्टर म्हणतात, या बोटांना आता बारीक काम जमायचं नाही."

"एवढंच ना? बटाटे मी सोलीन की! तुला बारीक काम असतं तरी कुठलं?"

 

तिनं डाव्या हातानं त्याचा थरथरता हात घट्ट धरला. "तू उठायच्या आधीचं."