अर्धा ओझोन

दिव्याच्या खोलीत पाऊल टाकताच सरांनी दोनदा नाक ओढलं. हातात गुच्छ होता, शिष्यासाठी.

शिष्याला सकाळपासून तोंड लपवावंसं वाटत होतं. भरल्या सभेत सर उठून म्हणाले होते, "त्या ग्रहावरचा ओझोन मी वीस वर्षं दुप्पट सांगत आलो. या पोराने बरोबर मोजला. माझे आकडे आजच मागे घेतो." खाली बसताना त्यांची खुर्ची चुकली. लोक हसले. टाळ्या मात्र शिष्याला.

"सर, गुच्छ कशाला उगाच!"

"घे रे. गुरूला तोंडघशी पाडायलाही अक्कल लागते." सर पुन्हा हुंगू लागले. "तुला वास येत नाही?"

"महिनाभर सर्दी आहे, सर. नाक आपलं नावाला."

खोलीच्या मधोमध अतिनील दिवा जळत होता. समोर, अवकाशात गेलेल्या यंत्राचं जुळं भावंड. ओझोन अतिनील उजेड गिळतो. ग्रहाकडून येणारा किती गिळला गेला, यावरून तिथला ओझोन कळतो. पण आधी या दिव्यापुढे यंत्राची नजर तपासायची. आणि दिवा असा द्वाड, की बंद खोलीत स्वतःच उग्र वासाचा ओझोन करत बसतो. म्हणून तर भिंतीत एक्झॉस्ट फॅन.

फॅनच्या बटणावर चिकटपट्टीने कागद डकवला होता. सरांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचला. "फॅन लावू नये. मला गार वारा सोसत नाही. हुकमावरून." मग वळले. "अक्षर तुझंच ना, राजे?"

शिष्याचे कान तापले. महिनाभर खोलीतलाच ओझोन दिव्याचा उजेड खात होता. यंत्राची नजर अधू समजून त्याने ग्रहाचा उजेड वाढवून धरला होता. उजेड जास्त, म्हणजे ओझोन कमी. झाला अर्धा!

सरांनी कागद सोलून काढला, बटण दाबलं. फॅन घरघरला. पडद्यावर दिव्याच्या उजेडाचा आकडा हळूहळू चढू लागला. दोघं बघत राहिले.

"सर, आकडे मागे घेतल्याचं तुमचं ते पत्र..."

"दुपारीच गेलं."

शिष्याने फोन उचलला. पलीकडून संचालकांचा आवाज घुमला, "बोला, बोला, आजचे उत्सवमूर्ती!"

त्याला बोलायचं होतं. आली शिंक.

सरांनी गळ्यातला मफलर काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला.

"वाऱ्यातून बाजूला हो आधी," ते हळूच म्हणाले. "सर्दी वाढेल."