छताचा पत्रा

सामान भरून झालं तरी कोलमन लेकीच्या जुन्या गाडीभोवती घिरट्या घालत होता. “डर्वला, छतावर रंग फुगलाय. आतून पत्रा गंजला असणार. आज निघू नकोस.” ती उसळली. “आई गेल्यापासून दर वेळी तुमचं असंच, बाबा! कधी वादळ, कधी छातीत दुखतंय. कॉर्क शहरातली नोकरी हातची घालवू का?” गाडीत शिरून कोलमनने छताचं आतलं कापड ओढून काढलं. तपकिरी चुरा त्याच्या मांडीवर सांडला. अंगठा दाबताच पत्रा बिस्किटासारखा तुटला आणि भोकातून आभाळ दिसलं. “पुढची काच धरणारी कडच सडलीय, पोरी. वाटेत काच निखळली असती.” डर्वला घराच्या पायरीवर बसली. आता जाणं राहिलंच. कोलमनने स्वतःच्या गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. “सामान हलव पटकन. अंधाराआधी पोचशील.” “आणि तुम्ही?” “मला कुठे जायचंय?”